मानपत्राचा चौथा मसुदा

आमच्या सोसायटीत एखाद्याला पदावरून घालवायचं असेल तर त्याचा सत्कार करतात. ही पद्धत कोणी शोधली माहीत नाही, पण ती चालते. आधीच्या खजिनदारांना शाल आणि नारळ देऊन घालवलं, वॉचमन गेनबांना स्टीलचा डबा देऊन. एकदा हार गळ्यात पडला की दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत जाऊन बसायला माणसाला स्वतःलाच कसंतरी होतं.

जानेवारीत कमिटीनं ठरवलं की आता अध्यक्षांचा सत्कार करायचा.

अध्यक्ष म्हणजे तळमजल्यावरचे शरच्चंद्र घैसास. वय ब्याऐंशी. कॉलेजात छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातही अलंकार आणि वृत्तं. निवृत्त झाल्यावर शिकवायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी सोसायटी शिकवायला घेतली. त्याला बावीस वर्षं झाली. त्यांनी तपासल्याशिवाय आमच्याकडे एकही नोटीस फळ्यावर लागत नाही. पाण्याची टाकी धुण्याची नोटीस एकदा टाकी धुऊन झाल्यावर चार दिवसांनी लागली होती, कारण पहिल्या मसुद्यात ‘पाणी हेच जीवन’ असं वाक्य होतं आणि सरांनी शेजारी लाल शाईनं लिहिलं होतं, ‘रूपक. नोटिशीत नको.’

यावर आम्ही हसायचो. लिफ्टच्या बाबतीत मात्र हसता येत नव्हतं.

आमची इमारत कोथरूडची, शहाऐंशी सालची, तळमजला अधिक चार, विना लिफ्ट. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, मी आणि माझी आई, हेमा. आई सत्तावन्न वर्षांची आहे, स्वारगेटजवळच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते आणि तिचे दोन्ही गुडघे झिजलेत. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन इतक्यात नको, चार वर्षं काढा. चार वर्षं कुठे काढायची ते त्यांनी विचारलं नाही.

लिफ्ट बसवायला जागा एकच आहे, इमारतीच्या मागच्या अंगाला. आणि तिथे सरांच्या खोलीची खिडकी आहे. त्या खिडकीशी त्यांचं टेबल आहे आणि त्या टेबलाशी ते सकाळी सातपासून वाचत बसतात. म्हणून गेली सहा वर्षं लिफ्टचा विषय वार्षिक सभेच्या नोटिशीत स्वतःच्या नावानं कधी आला नाही. तो शेवटच्या ओळीत असायचा, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या ओळीत. सर लिफ्टच्या विरोधात कधी एक शब्द बोलले नाहीत. त्या ओळीपाशी आल्यावर ते घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, “वेळ संपली.”

तर एका रविवारी तिसऱ्या मजल्यावरचे अभय रणपिसे, म्हणजे आमचे सेक्रेटरी, वर आले.

“तनया, तू रिकामीच आहेस ना?”

मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलं होतं, सहा ठिकाणी अर्ज केले होते आणि कुठूनच उत्तर आलं नव्हतं. त्या अर्थानं मी रिकामी होते.

“सरांचं मानपत्र लिहायचंय.”

“मी? काका, माझं केमिस्ट्री आहे.”

“म्हणूनच. मराठीवाल्याला दिलं तर तो आणि सर भांडत बसतील. तुझ्या मराठीच्या चुका काढल्या तर तुला काय वाईट वाटणारे?” मग त्यांनी आवाज खाली आणला. “सरांची अट आहे. म्हणतात, सत्कार घेईन, पदही सोडीन. पण मानपत्र आधी मला तपासायला द्या. माझ्यासमोर गचाळ वाचलेलं मी ऐकून घेणार नाही.”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अभय, त्यानं लिफ्ट होईल का पण?”

“हेमाताई, सर उठले की पुढच्या सभेत पहिला विषय लिफ्ट. नोटीस टाइप करून ठेवलीय मी.”

म्हणजे लिफ्ट माझ्या मराठीवर आली. दहावीला मराठीत मला एकोणसाठ होते.

मी नारायण पेठेत गेले. तिथे मानपत्रं आणि स्मृतिचिन्हं करून देणारं एक दुकान आहे. काउंटरवरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं.

“पंचाहत्तरी, निवृत्ती की मरणोत्तर?”

“निवृत्ती. म्हणजे, व्हावी अशी इच्छा आहे.”

“तिसरी फाइल. नमुने आहेत. फक्त नाव बदलायचं.”

मी नमुन्यांचे फोटो काढले, त्यातली बरी वाक्यं एकत्र केली आणि नाव बदललं. ‘आपण ज्ञानसूर्य आहात. आपले हृदय सागरासारखे विशाल आणि विचार हिमालयाप्रमाणे उत्तुंग आहेत.’ एकूण दीड पान. संध्याकाळी सरांकडे देऊन आले. दुसऱ्या दिवशी ते परत आलं, दहापैकी दोन गुण मिळवून. समासात लाल शाईनं लिहिलं होतं, ‘सूर्य, सागर, हिमालय. मी अध्यक्ष आहे की भूगोल?’ आणि खाली, ‘येऊन भेटणे.’

मी गेले. सर टेबलाशी बसले होते, खिडकीतून उजेड थेट वहीवर येत होता. त्यांनी समोरच्या स्टुलाकडे बोट केलं.

“उपमेचे भाग किती?”

मी रात्री दहावीचं व्याकरण वाचून आले होते. “चार. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द.”

“सोदाहरण.”

“तुमचं हृदय हे उपमेय, सागर उपमान, ‘सारखे’ हा साम्यवाचक शब्द आणि विशालता हा साधारण धर्म. दोघांत समान असलेला गुण.”

खरं सांगायचं तर मला हे आवडलं होतं. शाळेत कोणी असं सांगितलंच नव्हतं की यात चार चल आहेत आणि तीन माहीत असले की चौथा काढता येतो. शाळेत ‘सारखे’ दिसलं की उपमा लिहायची, ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, एवढंच होतं.

“माझं हृदय विशाल आहे?” सरांनी विचारलं.

“नाही, सर.”

“मग समान गुण कोणता उरला?”

मी विचार केला. “खारटपणा.”

सर हसले नाहीत. त्यांनी पेनचं टोपण लावलं. “मग तसं लिही. उपमान फुकट मिळतं म्हणून घ्यायचं नसतं. दुसरा मसुदा रविवारी.”

दुसऱ्या मसुद्यात मी सावध झाले. एखादी गोष्ट दुसरीसारखी आहे असं ठामपणे म्हणायचंच नाही, ‘जणू’ म्हणायचं. सर सभेला येतात तेव्हा जणू शिस्तच जिना उतरून येते, वगैरे. शेवटी मी लिहिलं होतं, ‘सरांसारखे सरच.’ गुण मिळाले चार.

“जिना उतरून येते म्हणे,” सर म्हणाले. “मी तळमजल्यावर राहतो.”

“हो, सर. चुकलं.”

“आणि सात वेळा जणू. जणू म्हणजे, मला असं वाटतं, पण खात्री नाही. खात्री नसलेली माणसं माझ्या सत्काराला कशाला बोलावता?” त्यांनी शेवटच्या ओळीवर पेन टेकवलं. “हे काय?”

“अनन्वय. उपमेयाला दुसरी उपमाच सापडत नाही, म्हणून त्याची त्याच्याशीच तुलना.”

“व्याख्या बरोबर. पण आळशी माणसाचा अलंकार आहे हा. उपमान शोधायला घराबाहेर पडायचा कंटाळा.”

जिन्यात अभयकाका भेटले. “काय झालं?”

“चार.”

“दहापैकी? अगं, सोपं लिही ना. शाल येऊन पडलीय घरी. बायकोनं तिच्यात डांबराच्या गोळ्या घातल्यात.”

तिसऱ्या मसुद्यात मी अलंकार काढूनच टाकले. सोसायटीच्या जुन्या वह्या मागवल्या, दोन दिवस बसून मोजलं आणि जे सापडलं ते लिहिलं. ‘आपण बावीस वर्षांत दोनशे चौसष्ट मासिक सभा बोलावल्या. त्यांपैकी एकतीस सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या. त्या तहकूब सभांनाही आपण वेळेवर उपस्थित होता.’ मला स्वतःला हे वाक्य फार आवडलं होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

तीन गुण.

“हे इतिवृत्त आहे,” सर म्हणाले. “इतिवृत्तात अलंकार घालणं हा गाढवपणा, तसा मानपत्रात वस्तुस्थिती लिहिणं हा उद्धटपणा. व्यासपीठावर बसलेल्या माणसाला खरं सांगायचं नसतं, तनया. ऐकणाऱ्यालाही ते नको असतं. मानपत्रात जे जे असतं ते सगळं सजवलेलं असतं, हे गृहीत धरूनच लोक खुर्च्यांवर बसतात.”

“मग ऐकतात कशाला?”

“सजावट बरी आहे का ते बघायला.”

त्यांना घाई नव्हती, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. त्या खोलीत तपासायला बावीस वर्षांत कोणी काही आणून दिलं नव्हतं, सोसायटीच्या नोटिसा सोडल्या तर. मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण मग मी घरी यायला निघाले तर दुसऱ्या मजल्यावर आई उभी होती. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात फोन, त्यात बघत होती. मी पिशवी घेतली.

“तू हो पुढे,” आई म्हणाली. “मी आलेच.”

मी वर आले, कुलूप काढलं, भाजी निवडायला घेतली, पालक निवडून झाला, तरी आई आली नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे मोजावं.

पुढचे सात दिवस मी गॅलरीत उभी राहून मोजलं. आई फाटकातून आत आली आणि तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला की तिचा एक मिस्ड कॉल यायचा. हे तिला मी सांगितलं होतं, कशासाठी ते सांगितलं नव्हतं. दाराची बेल वाजली की मी घड्याळ थांबवायचे. सर्वांत कमी वेळ दहा मिनिटं पाच सेकंद. सर्वांत जास्त शुक्रवारी, तेरा मिनिटं चाळीस, त्या दिवशी नारळ होते. सरासरी अकरा मिनिटं वीस सेकंद. पायऱ्या बहात्तर. मला स्वतःला त्याच बहात्तर पायऱ्यांना अठ्ठेचाळीस सेकंद लागतात.

तो आकडा वहीत लिहिला आणि मला राग आला. इतके दिवस मी अलंकारांचे तक्ते करत बसले होते. चौथा मसुदा मी त्याच रागात, एका बैठकीत लिहिला. शेवटपर्यंत नुसतं कौतुकच केलं.

‘आदरणीय सर, आपल्या कारकिर्दीत या वास्तूने आधुनिकतेचा मोह कटाक्षाने टाळला. शेजारच्या इमारतींतील रहिवासी लोखंडी पेटीत उभे राहून वर जातात आणि एकमेकांची तोंडेही पाहत नाहीत. आम्ही मात्र आपल्या कृपेने जिन्यात भेटतो, आणि बराच वेळ भेटतो. कोणाला नारळ जड झाला तर कोणाला स्वतःचे वय, हे आम्हाला चटकन कळते. चौथ्या मजल्यावरील एका भगिनीस तर बहात्तर पायऱ्यांवर रोज अकरा मिनिटे वीस सेकंदांचे आत्मचिंतन लाभते. आपल्या खिडकीतील उजेडाला आपण कधी धक्का लागू दिला नाही. त्या उजेडाच्या आधारेच आम्ही अंधारातून वर चढत आलो.’

असं आणखी अर्धं पान होतं. सरांनी ते माझ्यासमोर वाचलं, एकदा भरभर आणि एकदा सावकाश. आता लिफ्ट गेली, असं मला वाटलं.

“व्याजस्तुती,” सर म्हणाले.

“हो, सर.”

“वरून स्तुती, आतून निंदा. कुठे शिकलीस?”

“पान एकशे बारा.”

“तिथे सगळेच शिकतात. करता कोणाला येत नाही.” त्यांनी लाल पेन उघडलं. “छत्तीस वर्षं शिकवलं मी. पोरं एक तर स्तुती लिहायची, नाही तर निंदा. दोन्ही एका वाक्यात ठेवणं एकालाही जमलं नाही. शेवटच्या ओळीत उजेडाच्या आधारे अंधारातून, म्हणजे विरोधाभासही आलाय. मुद्दाम केलास?”

“नाही. तसंच आहे ते.”

पण ते पुढे गेले होते. एका ओळीखाली त्यांनी लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘अतिशयोक्ती. “वीस सेकंद” विशेष सुंदर.’

“नुसतं अकरा मिनिटं म्हटलं असतंस तर कोणीही म्हणतं. वीस सेकंदांनी ती अतिशयोक्ती खरी वाटते. ही कारागिरी आहे.”

मी तोंड उघडलं. ती अतिशयोक्ती नाही, सर, ती सरासरी आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण मग ती वस्तुस्थिती झाली असती, आणि वस्तुस्थितीला तीन गुण होते. सर कागदाच्या कोपऱ्यात नऊ लिहीत होते.

मी तोंड मिटलं.

“एक गुण हस्ताक्षराचा कापलाय,” सर म्हणाले. “हेच वाचायचं सत्काराला. एक शब्द बदलायचा नाही.”

“पण सर, हे वाचलं तर लोकांना कळेल.”

“कळावं ना. पुण्यात राहतो आपण.”

अभयकाकांनी मसुदा उभ्या उभ्या वाचला. “मस्त झालंय. लिफ्ट नाही याचं जरा जास्तच कौतुक झालंय, पण असू दे. जातायत ते.”

पंधरा फेब्रुवारीच्या रविवारी सकाळी साडेदहाला पार्किंगमधल्या सगळ्या स्कूटर बाहेर काढून रस्त्यावर लावल्या आणि खुर्च्या मांडल्या. टेबलावर पांढरी चादर, त्यावर शाल, नारळ आणि दुकानातून छापून आणलेलं मानपत्र, महिरपीसकट. प्रमुख पाहुणे म्हणून एक माजी नगरसेवक आले होते. त्यांना साडेअकराला दुसरीकडे जायचं होतं, हे त्यांनी आल्याआल्या तिघांना सांगितलं. आई शेवटच्या रांगेत बसली होती, जिन्याजवळच्या खुर्चीवर.

मी वाचायला लागले. पहिल्या वाक्याला टाळ्या पडल्या. लोखंडी पेटीला हशा आणि टाळ्या. आत्मचिंतनाला दोघातिघांनी ‘वा’ म्हटलं. अंधारातून वर चढत आलो म्हटल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मी कागदावरून सरांकडे बघितलं. ते लोकांकडे बघत होते, एकेक खुर्ची घेऊन, ओळीनं. परीक्षेत पर्यवेक्षक बघतो तसे.

मग पाहुणे उठले. त्यांनी मानपत्राची प्रत हातात घेतली होती.

“मी अनेक सोसायट्यांत जातो. जिथे जावं तिथे लोक म्हणतात, साहेब, लिफ्ट द्या, लिफ्ट द्या. पण लिफ्ट नाही याचा अभिमान बाळगणारी सोसायटी मी आज पहिल्यांदा पाहिली. जिन्यात आत्मचिंतन होतं इथे. अशा नेतृत्वाला आपण निवृत्त करायचं? माझी तर नम्र सूचना आहे की सरांनी आणखी पाच वर्षं ही धुरा वाहावी.”

जोरात टाळ्या झाल्या. कोणीतरी मागून म्हणालं, “अनुमोदन.” ते म्हणणारे गृहस्थ पहिल्या मजल्यावर राहतात. अभयकाका शाल उघडून उभे होते, ती घालावी की घडी करावी हे त्यांना कळेना. मी मागे बघितलं. आई टाळ्या वाजवत नव्हती. ती तिच्या पर्समध्ये काहीतरी शोधत होती, पण पर्स बंदच होती.

सर उठले. टाळ्या वाढल्या.

“बसा,” सर म्हणाले. टाळ्या वाजवणारे बसलेलेच होते, तरी ते आणखी खाली बसले. “या मानपत्रात मला शिव्या दिलेल्या आहेत.”

पाहुण्यांनी हातातली प्रत पुन्हा वर धरली.

“चांगल्या बांधलेल्या शिव्या आहेत. मी स्वतः तपासल्या, नऊ गुण दिले. मला वाटलं होतं तुम्हाला कळतील. तुम्ही टाळ्या वाजवल्यात.” त्यांनी पाहुण्यांच्या हातातली प्रत काढून घेतली. “पहिलं वाक्य. या वास्तूने आधुनिकतेचा मोह टाळला. वास्तू काही टाळते का? ती निर्जीव. निर्जीवावर सजीवाचे गुण लादले, ही चेतनगुणोक्ती. म्हणजे टाळलं कोणी?”

कोणी हात वर केला नाही.

“मी. पुढे. जिन्यात बराच वेळ भेटतो. का भेटतो? चढवत नाही म्हणून. स्तुतीच्या पोटात निंदा, व्याजस्तुती. हे दहावीला असतं. दहावी झाली नाही असं कोण आहे इथे?”

पाहुण्यांनी फोन कानाला लावला. तो वाजला नव्हता.

“पुढचं वाक्य. चौथ्या मजल्यावरच्या भगिनीला अकरा मिनिटं वीस सेकंद. आता ही अर्थात अतिशयोक्ती. कोणत्याही माणसाला चार मजले चढायला अकरा मिनिटं लागत नाहीत, पण...”

“अर्थात नाही,” आई म्हणाली.

ती बसूनच म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“काय म्हणालात, हेमाताई?”

“अतिशयोक्ती नाहीये ती, सर. तेवढा वेळ लागतो.”

सर माझ्याकडे वळले. “कोणी मोजलं?”

“मी. सात दिवस. ती सरासरी आहे.”

“मला का सांगितलं नाहीस?”

“तुम्ही त्याला सुंदर म्हणालात,” मी म्हणाले. “आणि वस्तुस्थितीला तीन गुण होते.”

सरांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. ते त्या ओळीत काहीतरी शोधत होते, पण तिथे आता काही नव्हतं, फक्त आकडा होता. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मी त्यांना चुकलेलं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते चुकल्यावर कसे दिसतात हेही मला माहीत नव्हतं.

“चला,” ते म्हणाले.

“कुठे, सर?” अभयकाकांनी विचारलं.

“वर. मला बघायचंय.”

“सर, अल्पोपाहार...”

“अल्पोपाहार अकरा मिनिटं थांबेल.”

“आणि वीस सेकंद,” तिसऱ्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. यावर मात्र कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आई उठली. मी स्टॉपवॉचसाठी फोन काढला, तर सरांनी मनगट वर केलं. “मी बघतो. ज्यानं मोजलं त्यानंच पडताळायचं नसतं. तुमच्या शास्त्रात असं नसतं का?”

“असतं, सर.”

पुढे आई, तिच्यामागे सर, मग मी आणि शाल घेतलेले अभयकाका. आई कठडा धरून उजवा पाय वर ठेवते, मग डावा त्याच पायरीवर आणते, मग पुन्हा उजवा. एका पायरीला दोन पावलं. पहिल्या मजल्यावर ती थांबली आणि तिनं पर्स उघडली.

“काही हरवलं का?” सरांनी विचारलं.

“नाही. इथे मी किल्ली शोधते. म्हणजे कोणी ‘काय झालं’ म्हणून विचारत नाही.”

सरही कठड्याला धरून उभे होते. दुसऱ्या मजल्यावर आई पुन्हा थांबली.

“इथे फोन बघते,” तिनं आपण होऊन सांगितलं. “तिसऱ्यावर अभयच्या दारातल्या झाडाची चौकशी करते.”

“कोणाकडे?” सरांनी विचारलं.

“झाडाकडेच.”

“मला वाटायचं तुम्हाला ते झाड आवडतं,” अभयकाका म्हणाले. “म्हणून मी ते आत घेत नाही.”

“मला ते झाड आवडत नाही, अभय.”

मी सात दिवस वरून घड्याळ लावून बसले होते. दोन टोकांच्या मध्ये काय होतं ते मी बघितलंच नव्हतं. माझ्या सरासरीत किल्ली नव्हती, फोन नव्हता आणि झाडही नव्हतं.

तिसऱ्या मजल्यानंतर सर मागे पडले. आई दोन पायऱ्या चढून थांबायची आणि मागे न बघता वाट पाहायची. सर याआधी चौथ्या मजल्यावर कधी आले होते ते आम्हा कोणालाच आठवेना. बहुधा आमच्या वास्तुशांतीला आले असतील. आमच्या दाराशी पोहोचल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं, पण आकडा सांगायला त्यांना थोडा वेळ लागला.

“बारा मिनिटं दहा.”

“तुम्ही बोलत होतात म्हणून,” मी म्हणाले.

“दोन वाक्यं बोललो.”

ते जेवणाच्या टेबलाशी बसले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी आईला विचारलं, “आणि उतरायला?”

“उतरताना जास्त दुखतं.”

“किती?”

आईनं विचार केला. सर वाट बघत होते, आणि मीही बघत होते. सुया, निखारे, करवत, असं काहीतरी येईल असं मला वाटलं.

“जास्त,” आई म्हणाली.

अभयकाकांनी खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. विशेष सभेची नोटीस होती. विषय एक, इमारतीस लिफ्ट बसविणे. विषय दोन, नवीन अध्यक्षांची निवड. सरांनी ती वाचली. सवयीनं त्यांचा हात खिशाकडे गेला, लाल पेन बाहेर आलं आणि ओळींवरून फिरलं. कुठेच टेकलं नाही. तपासण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

“माझ्या खिडकीत अंधार होईल,” ते म्हणाले.

“नाही सर, तसं काही नाही,” अभयकाका म्हणाले. “अंधार म्हणजे, तो जणू...”

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. अभयकाका थांबले.

“होईल, सर,” आई म्हणाली. “दुपारी बारानंतर दिवा लावावा लागेल.”

सरांनी मान हलवली. मग माझ्याकडे हात केला, मी निळं पेन दिलं आणि त्यांनी सही केली, तारीखही घातली.

आईनं चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावरही सर उठले नाहीत. खाली इडल्या गार होत होत्या, पाहुणे कधीच निघून गेले असणार, शाल अजून अभयकाकांच्या हातात होती आणि सर उघड्या दारातून जिन्याकडे बघत बसले होते.

“सावकाश उठा,” आई म्हणाली. “मीही येते. तिसऱ्यावर थांबू.”